हरणाचा रंग आतला, शिंगाचा बाहेरचा

गेल्या उन्हाळ्यात सदाशिव पेठेतल्या माझ्या मैत्रिणीचा वाडा पुनर्विकासासाठी रिकामा होत होता. माजघराच्या भिंतीवरची सांबराची शिंगं खाली उतरवली आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. भिंतीकडची बाजू जुन्या सागवानासारखी तपकिरी, खिडकीकडची खडूसारखी पांढरी. बोट फिरवलं तर पांढरी भुकटी बोटाला आली. एका शाखेचं टोक मात्र चपटं झिजलेलं होतं. ते कशानं, हे तिच्या सासूबाईंनी सांगितलं. घरात पोराची छाती भरली की साबरशिंग सहाणेवर उगाळून लेप लावायचे. तीन पिढ्यांनी तेच एक टोक उगाळलं होतं.

त्याच आठवड्यात त्यांच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका पांढऱ्या हरणाचा व्हिडिओ येऊन पडला. कुणी म्हणे ही वेगळी जात, कुणी म्हणे म्हातारं झालंय, कुणी म्हणे उन्हानं रंग उडाला, आपल्या शिंगांसारखा. मैत्रिणीच्या नववीतल्या मुलानं सरळ विचारलं, "मावशी, शिंगाला रंग परत लावता येतो ना, मग हरणाला का नाही येत?"

प्रश्न मला फार आवडला. त्याचं उत्तर समजलं की पांढरी हरणं, काळी हरणं, ठिपकेदार, कबरी आणि भिंतीवरची फिकी शिंगं असं सगळंच एका धाग्यात येतं.

आधी हरीण कशाला म्हणायचं?

आपण सगळ्यांना हरीण म्हणून मोकळे होतो. मराठीत मात्र यासाठी दोन छान शब्द आहेत, सारंग आणि कुरंग. चितळ, सांबर, भेकर हे सारंग. यांची शिंगं भरीव असतात, बहुतेकांच्या शिंगांना शाखा फुटतात, आणि ती गळून पुन्हा नवी येतात. काळवीट, चिंकारा, नीलगाय हे कुरंग. त्यांची शिंगं आतून हाडाची, वरून नखासारख्या पदार्थाच्या खोळीची. ती जन्मभर राहतात, गळत नाहीत.

पुणेकरांना हा फरक बघायला लांब जावं लागत नाही. कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात चितळ आणि काळवीट दोन्ही आहेत (बुधवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा). चिंकारा मोकळा पाहायचा तर सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य, आणि सांबर-भेकरांसाठी भीमाशंकरचं जंगल. या शहराला हरणांचं वेड जुनंच आहे. पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवरावांचा शिकारखाना होता, त्यात हरणंही पाळलेली होती. पुढे त्याच परिसरात १९५३ साली पेशवे पार्क सुरू झालं.

सारंग आणि कुरंग हा फरक पुढे कामाला येणार आहे.

अंगावरचा रंग कोण लावतं?

सोसायटीला रंग देण्याचं काम डोळ्यांसमोर आणा. रंगाऱ्यांची टोळी गच्चीवर जमते, तिथून दोर सोडते आणि रंगवत रंगवत खाली येते. हरणाचं पाडस आईच्या पोटात असताना अगदी असंच होतं. रंग तयार करणाऱ्या खास पेशी पाठीच्या कण्याच्या रेषेत जन्म घेतात आणि तिथून दोन्ही कुशींवरून खाली पोट, पाय, तोंड इथपर्यंत सरकत जातात. त्या जिथे जाऊन बसतात तिथल्या केसाला वाढतानाच आतून रंग मिळतो.

या रंगाचं नाव मेलॅनिन. आपल्या केसांत आणि कातडीत असतं तेच. त्याचे दोन प्रकार, एक काळा-तपकिरी आणि दुसरा तांबूस-पिवळा. दोघांचं प्रमाण कमीजास्त करून निसर्ग सांबराचा मातकट तपकिरी आणि चितळाचा तांबूस सोनेरी रंग काढतो.

चितळाचे ठिपके म्हणजे रंगाऱ्यांना आधीच दिलेली सूचना, इथे ब्रश लावायचा नाही. अनेक जातींच्या हरणांत असे ठिपके फक्त पाडसाच्या अंगावर असतात आणि मोठेपणी जातात. चितळाचे जन्मभर राहतात. आणि काळविटाचा नर जन्मतः मादीसारखाच फिकट बदामी असतो. वयात येताना शरीरातल्या नर संप्रेरकामुळे तो गडद होत जातो आणि तीनेक वर्षांत त्याचं नाव सार्थ करतो. म्हणून बदामी नर दिसला की रंगात काही बिघाड आहे असं समजू नका, तो अजून पोरगेला आहे.

रंगाऱ्यांचं काम चुकलं तर

इथे चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि व्हिडिओ पाठवणारे चारही एकाच पोत्यात भरतात.

पहिली गोष्ट, रंगारी जागेवर वेळेत पोचले पण डब्यात रंगच नाही. मेलॅनिन तयार करायला टायरोसिनेज नावाचं एक रसायन शरीरात लागतं. तेच नीट बनत नसेल तर कुठेच रंग येत नाही. अशा प्राण्याला अल्बिनो म्हणतात. केस पांढरे, नाक गुलाबी, खूर फिकट आणि डोळे गुलाबी-लालसर. डोळ्यांत रंग नसल्यामुळे आतल्या रक्तवाहिन्या दिसतात, त्याचा तो लालसरपणा. अशा जनावराला उजेड सहन होत नाही आणि नजरही अधू असते.

दुसरी, डबे भरलेले आहेत पण टोळी बहुतेक भिंतींपर्यंत गेलीच नाही. अंग पांढरं किंवा फिकट, मात्र डोळे काळेभोर. याला ल्युसिझम म्हणतात. 'अल्बिनो हरीण' म्हणून फिरणारी कितीतरी चित्रं याच प्रकाराची असतात. ओळखायची खूण एकच, डोळे बघा.

तिसरी, टोळी अर्ध्यात दमली. मग अंगावर पांढरे आणि रंगीत पट्टे किंवा चट्टे दिसतात. खेड्यातला कुणीही अशा जनावराला एका शब्दात ओळखेल, बांडं. बांडी गाय असते तसं बांडं हरीण. आता मजा पाहा. पांढरा भाग बहुतेक पोट, पाय आणि तोंडाकडे जास्त असतो, पाठीवर कमी. कारण टोळी पाठीवरून निघाली होती, लांबच्या जागा राहून गेल्या. हे कळल्यापासून मला रस्त्यावरचं पांढऱ्या पायांचं कुत्रं दिसलं तरी तो प्रवासच दिसतो. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांमध्ये बांडेपणासोबत कधी कधी वाकडा कणा, आखूड पाय असे दोषही आढळतात.

चौथी गोष्ट उलटी. रंगारी थांबायलाच तयार नाहीत, हात मारतच सुटले. अंग काळपट होतं. याला मेलॅनिझम म्हणतात. आपला काळा बिबट्या म्हणजे हाच प्रकार. हरणांत तो दुर्मिळ आहे, पण युरोपातल्या फॅलो हरणांत काळी, पांढरी, ठिपकेदार अशी सगळी एकाच कळपात चरताना दिसतात.

मग ही वेगळी जात आहे की आजार?

दोन्ही नाही. आईबाप साधे तपकिरी आणि पाडूस पांढरं, असं होऊ शकतं. प्रत्येक पाडसाला रंगाची एक चिठ्ठी आईकडून मिळते, एक बापाकडून. एक जरी चिठ्ठी चांगली असली तरी काम चालून जातं. आईबाप दोघांकडेही एकेक बिघडलेली चिठ्ठी असेल आणि पाडसाच्या वाट्याला नेमक्या त्या दोन्ही आल्या, तरच रंग हरवतो. अशा जोडीच्या चार पाडसांत सरासरी एक पांढरं निघतं.

जंगलात दोन बिघडलेल्या चिठ्ठ्या एकत्र येणं अवघड. माणसानं कुंपण घातलं की सोपं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात सेनेका इथे १९४१ साली लष्करानं दारूगोळ्याचं कोठार उभारलं आणि कुंपण घातलं. आत काही हरणं अडकली. त्यांच्यात पांढरी निपजू लागली तेव्हा शिकारीत पांढऱ्यांना वगळायचं ठरलं. पांढऱ्यांची संख्या वाढत वाढत दोनशेच्या घरात गेली. त्यांचे डोळे काळेच, म्हणजे हा ल्युसिझम. आपल्याकडे चेन्नईच्या गिंडी राष्ट्रीय उद्यानात पांढरी काळविटं आहेत.

पांढऱ्या वाघाची गोष्ट याच वाटेची, आणि तिचा शेवट चांगला नाही. १९५१ साली रेवाच्या जंगलात मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला गेला. आज जगातल्या बंदिवासातल्या बहुतेक पांढऱ्या वाघांचा वंश त्याच्यापर्यंत जातो. रंग टिकवायचा म्हणून जवळच्या नात्यांत जुगवत गेले आणि वाकड्या पायांसारखे दोष साचले. पांढरं हरीण बघायला गर्दी होते म्हणून त्याची पैदास करावी, असं कुणी सुचवलं तर मी स्पष्ट विरोध करीन. रंग आपल्या डोळ्यांना सुख देतो, त्याची किंमत ते जनावर मोजतं.

ऊन लागून, वयानं किंवा खाण्यातून हरीण पांढरंफेक होत नाही. म्हातारपणी तोंडाभोवती थोडं करडं होतं, तेवढंच. आपल्याकडे म्हण आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. वाण म्हणजे रंग, आणि तो शेजाऱ्याकडून लागत नाही हे म्हण रचणाऱ्याला ठाऊक होतं. कातडीच्या बाबतीत ती शंभर टक्के खरी आहे. शिंगाच्या बाबतीत मात्र उलट होतं.

शिंगाला रंग येतो तो झाडाकडून

चितळाचं किंवा सांबराचं शिंग म्हणजे हाड. आपल्या मांडीचं असतं तसंच. वाढत असताना त्यावर केसाळ मऊ कातडी असते, तिला मखमल म्हणतात. तिच्यातल्या रक्तावर शिंग पोसलं जातं. काही महिन्यांत वाढ पुरी झाली की रक्त थांबतं, मखमल वाळते आणि नर ती झाडाझुडपांवर घासून काढतो. लोंबणाऱ्या रक्ताळ चिंध्या पाहून लोक घाबरतात, पण त्याला तेव्हा दुखत नाही.

मखमलीच्या आतून जे शिंग निघतं ते पांढरट हाडच असतं. मग तपकिरी कसं होतं? घासून. सालीचा रस, त्यातला तुरट अंश, वाळलेलं रक्त, माती, सगळं मिळून हाडात मुरतं आणि हवा लागून गडद होतं. म्हणून रंग सर्वांत जास्त बुडाजवळच्या खडबडीत कड्यात आणि लांबट खाचांत भरतो. टोकं सतत घासून गुळगुळीत होतात, तिथे रंग टिकत नाही, म्हणून ती हस्तिदंतासारखी पांढरी राहतात. घासायला झाडंच नसली तर शिंग फिकं राहतं.

म्हणजे अल्बिनो चितळाची शिंगंसुद्धा घासून घासून तपकिरी होतात! पण अल्बिनो काळविटाची फिकटच राहतात, कारण त्याच्या खोळीचा रंग केसांसारखा आतून येतो. सारंग-कुरंगातला फरक तो हा.

कात्रजला गेलात तर हे सगळं एका जागी दिसेल. आपल्या हवामानात चितळांचं शिंगं गाळायचं वेळापत्रक सगळ्यांचं एक नसतं. एकाच दिवशी एकाच्या डोक्यावर मखमल, दुसऱ्याची शिंगं कडक तपकिरी आणि तिसरा बोडका असं दिसतं. बोडक्याला मादी समजू नका. कपाळावरच्या दोन खुंट्या बघा.

शिंग पांढरं का पडतं?

बाहेरून लागलेला रंग बाहेरच्याच गोष्टींनी जातो. उन्हातले अतिनील किरण रंगाचे कण मोडतात, हाडातला प्रथिनांचा चिवट भागही मोडतात, आणि पाऊस उरलंसुरलं धुऊन नेतो. चिवटपणा गेला की उरतो खनिजाचा ठिसूळ भाग, बोटाला लागते ती भुकटी. जंगलात पडलेल्या शिंगाची वरची बाजू अशीच पांढरी होते, खालची शेवाळलेली. त्यातही साळिंदराला सापडलं तर तो कॅल्शियमसाठी कुरतडून संपवतो.

घरात खिडकी हेच काम सावकाश करते. भर पडते ती माणसांच्या सफाईची. ब्लीचिंगच्या पाण्यानं शिंग कधीही पुसू नका. क्लोरीन हाडाचा चिवटपणा खातं, आणि एकदा खाल्लेलं परत येत नाही.

ब्रश घेण्याआधी कागद काढा

इथे जरा कडक बोलते. भारतात चितळ-सांबराचं शिंग घरात असणं हा हौसेचा विषय राहिलेला नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते बाळगायला मालकी प्रमाणपत्र लागतं. न नोंदवलेल्या वस्तू जाहीर करायला २००३ साली १८० दिवसांची मुदत दिली होती, ती केव्हाच संपली. प्रमाणपत्र असलं तरी विकता येत नाही. वारसानं आलं तर नव्वद दिवसांत वनखात्याला कळवावं लागतं. नको असेल तर विनामोबदला जमा करता येतं.

"पण हे तर आपोआप गळलेलं आहे, हरीण मारलेलं नाही," असं हमखास ऐकू येतं. कायदा गळलेलं आणि मारलेलं असा भेद करत नाही, आणि ते बरंच आहे. शिंगाकडे बघून ते कसं मिळालं हे ओळखणं अवघड. गळलेल्याला बाजार खुला केला तर मारलेलं त्याच पोत्यातून विकलं जाईल. भीमाशंकरच्या वाटेवर शिंग दिसलं तर फोटो काढा आणि तिथेच राहू द्या. साबरशिंगाच्या लेपासाठी नवं विकत घ्यायला तर मुळीच जाऊ नका. शंका असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारा.

माझ्या मैत्रिणीकडे कागद निघाले, शिधापत्रिकेच्या पिशवीत, चार घड्या घातलेले. आजोबांच्या नावावर. आता वारसांनी काय करायचं याची विचारणा तिनं वनखात्याकडे केली आणि तोवर शिंगांना हात लावायचा नाही असं ठरलं.

रंग परत कसा येतो? नळीवरचा प्रयोग

तिच्या मुलाला धीर नव्हता. मग आम्ही खाटिकाकडून बोकडाच्या चार नळ्या आणल्या. हाड ते हाड. साबणाच्या पाण्यात मंद आचेवर उकळून चरबी काढली, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवून पांढऱ्या केल्या आणि सावलीत खडखडीत वाळवल्या.

एका नळीला कोऱ्या चहाचा दाट काढा. दुसरीला पानात घालतात तो कात, पाण्यात विरघळवून. (जुन्नर-आंबेगावकडचा हिरडाही चालला असता, तोही तसाच तुरट. एवढंच की हे काढे लोखंडाच्या कढईत करू नका, तुरट रस लोखंडाशी मिळाला की शाईसारखा काळा होतो.) तिसरीला पोटॅशियम परमँगनेट, विहिरीत टाकायचे ते जांभळे खडे. चौथी कोरी ठेवली.

चहानं पिवळट छटा दिली, कातानं विडा खाल्लेल्या ओठांसारखी तांबूस. तिसरी नळी मात्र बघण्यासारखी होती. ब्रश फिरवला तेव्हा वांग्यासारखी जांभळी, मग किरमिजी, आणि दहाएक मिनिटांत तपकिरी. परमँगनेट हाडातल्या सेंद्रिय भागाशी झगडतं आणि त्यातून मँगनीजचं तपकिरी संयुग मागे राहतं. हातमोजे घालूनच हे करा, कातडीवरही हाच रंग चढतो आणि आठवडाभर जात नाही. त्याच्या जवळपास ग्लिसरीन आणू नका, पेट घेतं.

रंग एकसारखा फासला की खोटा दिसतो. खाचांत राहू द्यायचा, उंचवट्यांवरून ओल्या फडक्यानं पुसायचा, टोकाला बारीक पॉलिशपेपर मारून पांढरं काढायचं. म्हणजे हरणानं झाडावर केलं तेच, त्याच क्रमानं. शेवटी मेणाचा हलका हात. व्हार्निश नको, ते चकाकतं आणि पुढे पिवळं पडतं.

मग चारही नळ्या गॅलरीत मे महिन्याच्या उन्हात ठेवल्या. महिन्याभरात चहा जवळजवळ उडाला, कात निम्म्यावर आला, परमँगनेट तसंच राहिलं. पहिले दोन वनस्पतीचे रंग, उन्हापुढे टिकत नाहीत. तिसरा खनिज.

मग सरळ परमँगनेटच लावावं का?

नव्या, घट्ट हाडाला ठीक. जुन्या, भुकटी सुटलेल्या शिंगाला नको. परमँगनेट रंग देता देता हाडाचा उरलेला चिवटपणाही थोडा खातं, आणि सहजासहजी काढता येत नाही. संग्रहालयात जुन्या वस्तू जतन करणारे लोक वेगळी वाट धरतात. आधी पातळ पारदर्शक राळेचा हात देऊन सुटणारी भुकटी बांधून घ्यायची. राळेचा थर सुकला की त्याच्यावर मातीचे रंग, गेरू, काव, तपकिरी माती. बोहरी आळीत पुड्यांनी मिळतात. रंग राळेवर बसतो, हाडाला शिवत नाही. उद्या कुणाला नको वाटला तर पुसून काढता येतो.

"ही फसवणूक नाही का?" असं मैत्रिणीच्या दिरांनी विचारलं. विकायला ठेवलं असतं तर फसवणूक झाली असती. घरात ठेवायचं, कुठे रंग दिला हे कागदावर लिहून मागे चिकटवायचं, तर मला त्यात काही गैर वाटत नाही.

वनखात्याकडून रीतसर उत्तर आलं, वारसाची नोंद झाली, तोवर पावसाळा आला होता. नव्या फ्लॅटमध्ये शिंगं दिवाणखान्याच्या आतल्या भिंतीवर लागली, खिडकीपासून लांब. पांढऱ्या बाजूची भुकटी बांधून तिच्यावर तपकिरी मातीचे तीन पातळ हात मुलानंच दिले. उगाळलेल्या चपट्या टोकापाशी तो थांबला आणि आजीकडे बघितलं. आजी म्हणाली, "तेवढं राहू दे." ते टोक कोरंच आहे.